कुंपणालगतची रुई : ओळख, लागवड आणि निगा

शाळेच्या वाटचालीची नोंद घेणाऱ्या या स्मरणिकेत इमारतीविषयी, ग्रंथालयाविषयी आणि येथून शिकून गेलेल्या विद्यार्थ्यांविषयी अनेकजण लिहितील. आम्ही निवडलेला विषय मात्र आवाराच्या मागच्या कुंपणालगत उभा आहे. कोणी मुद्दाम न लावता उगवणारे, पाणी न घालता वाढणारे आणि फुललेले असूनही फुलझाडांत ज्याची गणना होत नाही असे ते झुडूप म्हणजे रुई. निवासी शाळेने रुई तोडावी की वाढवावी, असा प्रश्न आपल्या येथे खरोखरच उपस्थित झाला होता. लहान मुले राहतात तेथे विषारी चिकाचे झाड नको, असे काही पालकांचे म्हणणे होते आणि ते अवाजवी नव्हते. दुसऱ्या बाजूला, हेच झाड कीटकांच्या केवढ्या मोठ्या कुटुंबाला पोसते हे विज्ञानाच्या तासाला मुलांनी पाहिलेले होते. या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी झाडाची नीट ओळख करून घेणे आवश्यक होते. ती ओळख येथे क्रमाने मांडत आहोत.

परागीभवन करणारे जीव आणि आपला परिसर

फुलातील परागकण दुसऱ्या फुलाच्या कुक्षीपर्यंत पोहोचल्याशिवाय बी धरत नाही. काही वनस्पतींचे हे काम वारा करतो. पुष्कळ वनस्पतींचे काम मधमाश्या, भुंगे, फुलपाखरे, पतंग, पक्षी आणि वटवाघळे करतात. जगातील प्रमुख अन्नपिकांपैकी सुमारे ७५ टक्के पिके कमी-अधिक प्रमाणात अशा प्राण्यांवर अवलंबून आहेत. संयुक्त राष्ट्रांनी २०१८ पासून २० मे हा दिवस जागतिक मधमाशी दिन म्हणून पाळण्यास सुरुवात केली, त्यामागे हीच जाणीव आहे.

ठाणे आणि कल्याण-डोंबिवली या पट्ट्यात एका बाजूस येऊरचे डोंगर व दुसऱ्या बाजूस उल्हास नदी आणि तिची खाडी आहे. मधल्या सपाटीवर पूर्वी भातखाचरे, माळ आणि गावकुसाबाहेरची पडीक जमीन होती. १८५४ मध्ये ठाण्यापुढे कल्याणपर्यंत रेल्वे आली आणि पुढच्या काळात रुळांच्या दोन्ही बाजूंनी नगरे वाढत गेली. आज पडीक जागा म्हणजे बांधकामाची वाट पाहणारी जागा, असाच अर्थ झाला आहे. जे मोकळे उरते त्यावर पेव्हर ब्लॉक बसतात. जेथे माती राहते तेथे रोपवाटिकेतील परदेशी शोभेची झाडे लागतात. त्यांतील पुष्कळ झाडांच्या फुलांत येथील कीटकांना मिळण्यासारखे फारसे काही नसते आणि त्यांची पाने येथील अळ्या खात नाहीत. अशा परिस्थितीत रेल्वेच्या खडीत, पडक्या भिंतीच्या कडेला, गटाराच्या काठावर टिकून राहिलेली रुई महत्त्वाची ठरते.

रुईची ओळख

रुई हे भारतातील मूळचे, बहुवर्षायू झुडूप आहे. आपल्याकडे तिच्या दोन जाती आढळतात. मोठी रुई, जिचे शास्त्रीय नाव कॅलोट्रॉपिस जायगँटिया, ती साधारणतः दोन ते चार मीटर उंच होते. तिच्या फिकट जांभळ्या किंवा पांढऱ्या फुलांच्या पाकळ्या पूर्ण उमलल्यावर बाजूला पसरतात वा मागे झुकतात. लहान रुई, म्हणजे कॅलोट्रॉपिस प्रोसेरा, हिच्या पाकळ्या वर उभ्या राहतात आणि त्यांची टोके गडद जांभळी असतात. दोन्ही जातींची पाने जाड, समोरासमोर येणारी व देठाशी खोडाला कवेत घेणारी असतात. त्यांवर पिठासारखा पांढरट थर असतो. पान तोडताच पांढरा चीक वाहू लागतो. कण्हेर ज्या कुळात मोडते त्याच कुळात आजचे वनस्पतिशास्त्र रुईलाही ठेवते.

फळ फुगीर, हिरवे आणि आतून पोकळ वाटणारे असते. ते पिकून उकलले की चपट्या तपकिरी बियांना चिकटलेले रेशमी धाग्यांचे झुबके वाऱ्यावर निघतात. ज्या 'म्हातारी'च्या मागे लहान मुले धावतात, ती पुष्कळदा रुईचीच बी असते.

फुलाची रचना

रुईच्या फुलाच्या मध्यभागी पाच कोनांचा, मेणासारखा दिसणारा एक मुकुट असतो. इतर फुलांत पुंकेसरांवर पिठूळ परागकण सुटे असतात. रुईत तसे होत नाही. तिचे परागकण एकमेकांना चिकटून छोट्या पिवळ्या पुंजांच्या रूपात राहतात. शेजारच्या दोन परागकोशांतील एकेक पुंज बारीक दांड्यांनी एका काळ्या चिमट्यासारख्या गाठीला जोडलेला असतो. अशा पाच जोड्या एका फुलात असतात. मुकुटाच्या कडेला उभ्या फटी असतात. मध घेण्यासाठी आलेल्या कीटकाचा पाय किंवा सोंड त्या फटीत सरकली की वर येताना तो चिमटा तिला घट्ट बसतो आणि पुंजांची जोडी बाहेर ओढली जाते. तोच कीटक दुसऱ्या फुलावर गेल्यावर तो पुंज तेथील फटीत अडकतो आणि परागीभवन होते.

ही ओढाताण लहान माशीला झेपत नाही. कधी ती फटीत अडकून मरतेही. मोठा, ताकदीचा कीटकच हे काम नेटके करतो. झाडावर शेकडो फुले येऊनही बोंडे मोजकीच धरतात, त्याचे एक कारण या कठीण रचनेत आहे.

आपल्या विद्यार्थ्यांनी रॉबर्ट ब्राउन हे नाव पेशीकेंद्रकाच्या संदर्भात वाचलेले असते. १८३१ मध्ये लंडनच्या लिनियन सोसायटीपुढे वाचलेल्या ज्या निबंधात त्याने केंद्रकाला नाव दिले, त्याचा मुख्य विषय ऑर्किड आणि रुईच्या गटातील वनस्पतींचे परागीभवन हा होता. कॅलोट्रॉपिस हे नावही त्यानेच दिलेले आहे. ज्या झाडाकडे आपण पाठ फिरवतो, त्याच्या नात्यातील फुले भिंगाखाली पाहताना जीवशास्त्रातील एक पायाभूत संकल्पना पुढे आली, हे मुलांना आवर्जून सांगण्यासारखे आहे.

भुंगा आणि स्वयंपाकघर

रुईचा मुख्य वाहक म्हणजे चकचकीत काळ्या अंगाचा, निळसर झाक असलेल्या पंखांचा मोठा भुंगा. हा मधमाशीचाच नातेवाईक आहे. मात्र पोळे करून हजारोंच्या संख्येने राहत नाही. मादी वाळलेल्या लाकडात किंवा बांबूत बोगदा कोरते, त्यात पराग आणि मध यांचा गोळा ठेवून अंडे घालते आणि भुशाचा पडदा करून कप्पा बंद करते. त्याच्या मोठ्या गुणगुणण्याने मुले घाबरतात. परंतु नराला नांगी नसतेच, आणि मादीही हातात धरल्याशिवाय सहसा दंश करत नाही.

हा भुंगा केवळ रुईवर जगत नाही. शेवग्याच्या फुलांवर तो काम करतो. वांग्याच्या फुलातील पराग तर परागकोशाच्या टोकाच्या छिद्रांतून, फूल थरथरल्यावर सुटतो आणि ती थरथर भुंग्यासारख्या माश्या आपल्या अंगाच्या कंपनाने निर्माण करतात. म्हणजे वसतिगृहाच्या परसातील वांगी आणि शेवगा यांचा कुंपणाच्या रुईशी संबंध आहे. भाजीचा हंगाम नसतानाही भुंग्याला मध लागतो. रुई कमी-अधिक प्रमाणात वर्षभर फुलते आणि विशेषतः कोरड्या महिन्यांत, इतर फुले विरळ असताना, त्याला आधार देते.

पानावरचे जग

फूल भुंग्याचे, तर पान अळीचे. नारिंगी पंखांचे, काळ्या कडेवर पांढरे ठिपके असलेले 'प्लेन टायगर' हे फुलपाखरू आपल्या भागात सर्वत्र दिसते. त्याची मादी रुईच्या पानावर, बहुधा खालच्या बाजूस, एकेक अंडे घालते. तीन-चार दिवसांत अळी बाहेर येते. काळे-पांढरे पट्टे, पिवळे ठिपके आणि पाठीवर काळ्या तंतूंच्या तीन जोड्या, ही तिची खूण. पान खाण्यापूर्वी ती पुष्कळदा शीर कुरतडून चिकाचा प्रवाह तोडते आणि मग पुढचा भाग खाते. उबदार हवेत अंड्यापासून फुलपाखरापर्यंतचा प्रवास तीन ते चार आठवड्यांत पुरा होतो. म्हणून एका सत्रात मुलांना तो अनेकदा पाहता येतो.

चिकातील विष ही अळी स्वतःच्या शरीरात साठवते. ते प्रौढ फुलपाखरातही उतरते आणि एकदा तोंड पोळलेला पक्षी पुन्हा त्याच्या वाटेला जात नाही. म्हणूनच हे फुलपाखरू संथपणे, बिनधास्त उडते. 'डॅनेड एगफ्लाय' या दुसऱ्या फुलपाखराची मादी त्याच्यासारखे रूप धारण करून त्याच संरक्षणाचा लाभ घेते. रुईच्या कोवळ्या शेंड्यांवर पिवळा मावा येतो. त्याच्या मागोमाग मावा खाणारे ढालकिडे येतात. निळ्या-पिवळ्या पट्ट्यांचा रंगीत नाकतोडाही याच झाडावर राहतो. एका झुडपावर इतके नातेसंबंध पाहायला मिळणे हे जीवशास्त्राच्या शिक्षकाचे भाग्यच म्हणावे लागेल.

रुई आणि इतिहास

इतिहासाचे विद्यार्थी म्हणून आम्हाला या झाडाचे आणखी एक महत्त्व वाटते. मज्झिम निकायातील चूळमालुंक्य सुत्तात विषारी बाण लागलेल्या माणसाचा प्रसिद्ध दृष्टान्त आहे. बाण मारणारा कोण, धनुष्य कसले, प्रत्यंचा कशाची, हे सर्व कळल्याशिवाय बाण काढू देणार नाही असे म्हणणारा माणूस ते कळण्याआधीच मरेल, असा त्याचा आशय आहे. प्रत्यंचा कशाकशाची असू शकते याची जी यादी तेथे येते, तीत 'अक्क' हा शब्द आहे. पालीतील अक्क म्हणजे संस्कृतातील अर्क, हिंदीतील आक आणि आपली रुई. दृष्टान्ताचा मुद्दा अर्थातच झाडाचा नाही. परंतु रुईच्या सालीच्या चिवट धाग्याची दोरी त्या काळी श्रोत्यांच्या इतकी परिचयाची होती की दृष्टान्तात तिचा उल्लेख सहज येऊ शकला, एवढे त्यावरून निश्चित समजते. हाच धागा पाण्यात टिकतो म्हणून मासेमारीच्या दोऱ्यांसाठीही वापरला जाई. बियांचा रेशमी कापूस उशांत भरत आणि लाकडाचा हलका कोळसा बंदुकीच्या दारूत घालत.

पुढील काळात मात्र रुईचा व्यवहारी उपयोग मागे पडला आणि शुभ-अशुभाच्या कल्पना पुढे आल्या. पुरुषाचे तिसरे लग्न अशुभ मानून आधी त्याचे रुईशी लग्न लावण्याची 'अर्कविवाह' नावाची प्रथा होती. दारात रुई नको, ती घर ओसाड करते, असेही सांगितले जाते. दुसरीकडे शनिवारी तिच्याच पानांच्या माळा विकल्या जातात आणि झाडे ओरबाडली जातात. त्या पानांमागे अंडी आहेत का, हे कोणी पाहत नाही. ओसाड जागी रुई उगवते हे खरे आहे, कारण तिला ऊन, निचरा आणि मोकळी जमीन हवी असते. परंतु रुईमुळे जागा ओसाड होते, हे कार्यकारणभाव उलटा लावणे झाले. परंपरेने आले किंवा वडीलधाऱ्यांनी सांगितले एवढ्यावरून कोणतीही गोष्ट स्वीकारू नये, तपासून पाहावी, ही कालाम सुत्तातील शिकवण आपल्या मुलांनी वर्गात पाठ केलेली असते. ती वापरून पाहण्याची संधी कुंपणालगत उपलब्ध आहे.

विष आणि दक्षता

तपासणी मात्र दोन्ही बाजूंनी झाली पाहिजे. रुई अशुभ नाही, पण विषारी निश्चित आहे. तिचा कोणताही भाग पोटात जाता कामा नये. चीक त्वचेला लागल्यास आग होते, फोड येऊ शकतात. सर्वांत मोठा धोका डोळ्यांना आहे. चीक डोळ्यात गेल्यावर पुष्कळदा फारशी वेदना होत नाही. त्यामुळे दुर्लक्ष होते आणि काही तासांनी दृष्टी धूसर होऊ लागते. म्हणून दुखत नाही हे पाहून थांबू नये. डोळा न चोळता स्वच्छ वाहत्या पाण्याने किमान पंधरा मिनिटे धुवावा आणि त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांना दाखवावे. काटा काढण्यासाठी किंवा दाढदुखीवर रुईचा चीक लावण्याची घरगुती रीत मुलांनी कदापि अनुसरू नये.

ही माहिती विचारात घेऊन आपल्या शाळेत असा निर्णय झाला की वाटेवरची व खेळाच्या मैदानाजवळची रुई काढावी आणि मागच्या कुंपणालगतची ठेवावी. पाचवीच्या खालील मुलांना तेथे शिक्षकांशिवाय जाण्यास मनाई आहे. पान तोडायचे नाही, निरीक्षणानंतर हात साबणाने धुवायचे, हे नियम सर्वांना आहेत. छाटणी मोठी माणसेच हातमोजे आणि चष्मा घालून करतात. दारे-खिडक्या काढून टाकल्याने घर सुरक्षित होत नाही, त्यांना कडी लावावी लागते. तसाच हा विचार आहे.

लागवड आणि निगा

बोंड तपकिरी होऊन उकलण्याच्या बेतात असताना ते काढावे आणि रेशमी झुबके वेगळे करून बिया सावलीत वाळवाव्यात. कापूस उडू नये म्हणून बोंडाला आधीच सैल दोरा बांधून ठेवणे सोयीचे असते. बिया दोन-तीन निरनिराळ्या झाडांवरच्या घ्याव्यात; दुसऱ्या झाडाचा पराग मिळाल्यास बोंडे चांगली धरतात, म्हणून एकटे झुडूप लावण्यापेक्षा तीन-चार लावणे बरे.

मे महिन्यात, दुधाच्या रिकाम्या पिशव्यांना तळाशी भोके पाडून त्यांत निम्मी माती आणि निम्मी वाळू किंवा बारीक मुरूम भरावा. बी अर्धा ते एक सेंटिमीटर खोल टोचून माती ओलसर ठेवावी. एक-दोन आठवड्यांत अंकुर दिसतो. रुईचे सोटमूळ लवकर खोल जाते. म्हणून रोप वीतभर होताच ते जागेवर लावावे. मोठी झालेली रुई उपटून दुसरीकडे लावण्याचा प्रयत्न सहसा फसतो. जाड फांदीच्या वीतभर लांबीच्या कलमानेही लागवड होते. मात्र कापलेल्या टोकाचा चीक एक-दोन दिवस सुकू द्यावा.

जागा भरपूर उन्हाची हवी. कोकणपट्टीतील मुसळधार पावसात साचलेले पाणी हाच रुईचा खरा शत्रू आहे. म्हणून सखल जागी वितभर उंच वरंबा करून त्यावर रोप लावावे. दोन झाडांत दीड ते दोन मीटर अंतर ठेवावे. खताची गरज नाही. पहिल्या उन्हाळ्यात आठवड्यातून एकदा पाणी दिले तरी पुरते. त्यानंतर तेही लागत नाही.

झाड फार उंच झाल्यास निम्म्यावर छाटावे. बुंध्यातून नवे फुटवे येतात आणि कोवळी पाने अळ्यांना अधिक आवडतात. सर्व झाडे एकाच वेळी छाटू नयेत आणि छाटण्यापूर्वी पानांमागे अंडी, अळ्या आहेत का ते पाहावे. कीटकनाशक अजिबात मारू नये. पाने कुरतडलेली दिसली, मावा दिसला, तर झाड आजारी आहे असे समजू नये. झाड आपले काम करीत आहे. जवळच वाळका ओंडका किंवा बांबूचे तुकडे आडवे बांधून ठेवल्यास भुंग्यांना घर मिळते.

रोपवाटिकेत 'हळदीकुंकू' नावाचे लाल-पिवळ्या फुलांचे लहान झाड मिळते. प्लेन टायगरची अळी तेही खाते. परंतु ते मूळचे अमेरिकेच्या उष्ण प्रदेशातील आहे, त्याचाही चीक विषारी आहे आणि रुईइतके ते निगेशिवाय टिकत नाही. विकत आणण्यापूर्वी दारातल्या झाडाकडे पाहावे, एवढेच आमचे सांगणे आहे.

ज्यांच्याकडे रुईला जागा नाही

डोंबिवलीतील चाळीच्या किंवा सोसायटीच्या लहानशा आवारात, जेथे रांगती मुले खेळतात, तेथे रुई लावू नये. अशा ठिकाणी भारंगी लावावी. पावसाच्या आरंभी ठाणे-कल्याणच्या बाजारांत आदिवासी भगिनी जी भारंगीची कोवळी पाने भाजीसाठी आणतात, तीच ही वनस्पती. तिचा गड्डा जमिनीत वर्षानुवर्षे राहतो आणि पावसाबरोबर नवे कोंब येतात. फिकट निळ्या पाकळ्यांत एक पाकळी गडद निळी, असे तिचे देखणे फूल पावसाळ्यात उमलते आणि त्यावरही भुंगे व फुलपाखरे येतात. मुळाजवळचा फुटवा वेगळा करून मोठ्या कुंडीत ती सहज वाढते.

असे प्रयत्न किती दूर जाऊ शकतात याचे उदाहरण ठाण्यातच आहे. घोडबंदर रस्त्यालगतच्या ओवळे येथे राजेंद्र ओवळेकर या क्रीडाशिक्षकाने सुमारे दोन एकर जमिनीत फुलपाखरांसाठी खाद्यवनस्पती आणि मधाची झाडे लावून उद्यान उभे केले. तेथे शंभराहून अधिक जातींची फुलपाखरे नोंदली गेली आहेत. फुलपाखरे आणून सोडावी लागली नाहीत. त्यांची झाडे मिळाल्यावर ती आपण होऊन आली.

आपल्या शाळेतील आठवी-नववीच्या विद्यार्थ्यांनी कुंपणालगतच्या झाडांना क्रमांक देऊन एक नोंदवही ठेवली आहे. तारीख, वेळ, पाऊस किंवा ऊन, उमललेल्या गुच्छांची संख्या, अंडी, अळ्या, भुंग्यांच्या भेटी, असे तिचे रकाने आहेत. कोणी काय सांगितले याला त्या वहीत रकाना नाही. 'एहिपस्सिको', या आणि पाहा, हे धम्माचे वैशिष्ट्य आपण दररोज वंदनेत उच्चारतो. ज्या माजी विद्यार्थ्यांना आपापल्या गावी किंवा वस्तीत ही लागवड करून पाहायची असेल, त्यांनी मार्च ते मे या काळात शाळेत यावे. बोंडे पिकलेली असतात आणि बिया देण्यास आम्हाला आनंदच होईल.